बॅटरीचं पाणी

सौर बॅटरीवर आरोग्य उपकेंद्रातल्या लसींचा फ्रिज चालवून दाखवणारे प्राध्यापक भालचंद्र सर एकच गोष्ट विसरले. बॅटरीत ओतायच्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तीन महिने त्यांच्याच कपाटात पडून होता. आता बॅटरी सुकून मेली असणार! जीपला लोंबकळत त्यांनी घनसावंगीजवळचं ते उपकेंद्राचं खेडं गाठलं. फ्रिज मजेत घुमत होता.

उपकेंद्राच्या मदतनीस सोनूबाई मागच्या चुलीपाशी होत्या.

"बाई, बॅटरीत हापशाचं पाणी ओतलंत की काय?"

"बिलकुल न्हाई. वाफेचंच लागतं, तुम्हीच सांगितल्तं." त्यांनी उकळत्या हंड्यावरचं झाकण उचललं आणि आतून लगडलेले थेंब बाटलीत निथळवले.

सरांचा जीव भांड्यात पडला. "हे सुचलं कसं तुम्हाला?"

"त्यात काय सुचायचं सर? वाफ काय फकस्त कॉलेजातच निघती का?"