उंबऱ्यावरचा पहिला पेला

ईजानं चहाचा पहिला पेला भरला आणि रीतीप्रमाणे परत किटलीत ओतला. हाज्जा मबरूकानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"उंबऱ्यावर नाही ओतलास?"

ईजाची आई तुदा दचकली. हाज्जा ही नवऱ्या मुलाची आई, खोऱ्यापलीकडच्या गावची. मुलगा ईजानं स्वतः पसंत केलेला, बोलणी संपत आलेली, आणि नेमकं आता हे. हाज्जाची जाऊ तर चपला शोधायला लागली. पहिला पेला उंबऱ्यावर ओतला नाही म्हणजे सोयरीक नको, असाच अर्थ हल्ली सगळा डोंगर काढायचा.

हल्लीच. तुदाला हसावं की रडावं कळेना. ही रीत तिच्या डोळ्यांदेखत जन्मली होती, तीस वर्षांपूर्वी, याच घरात. एक परदेशी बाई वही घेऊन आली होती. चहात माशी पडली म्हणून तुदानं पहिला पेला उंबऱ्यावरच रिकामा केला. बाईनं ते टिपून घेतलं आणि पुढच्या साली प्रवाशांच्या पुस्तकात ते डोंगरी लोकांची हजार वर्षांची प्रथा म्हणून छापून आलं. येणारे प्रवासी ती बघायला मागू लागले, गाव दाखवू लागलं. मग ती टीव्हीवर गेली, तिथून शाळेच्या धड्यात. परक्यांसाठी तुदाही ओतायची, घरच्यांसाठी कधीच नाही. पोरीनं पाहुण्यांना घरचं मानलं, एवढाच तिचा गुन्हा.

ईजानं किटली खाली ठेवली आणि ती उठू लागली. ते बघून तुदाला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं, अगदी माशीसकट.

हाज्जाचा चेहरा उतरला.

"हाच मुलगा होडीत बसून समुद्रापार गेला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "तीन वर्षं जिवंत आहे की मेला, कळलं नाही. मी रोज पहाटे पहिला पेला उंबऱ्यावर ओतत राहिले. आला परत. आणि तू सांगतेस, माशी?"

तुदानं स्वतः पेला भरला आणि लेकीच्या हातात दिला.

"ओत, बाळ," ती म्हणाली. "माझीच आठवण दगा देते, हाज्जा. माझी आजीसुद्धा ओतायची."