वाकडा दात

मुलगी पाहायला आलेल्या अपूर्वचा पाय दिवाणाखालच्या पेटीला लागला आणि वानराची एक कवटी घरंगळत थेट त्याच्या आईच्या पायाशी आली. पोह्यांचा घास सुनीतीबाईंच्या हातातच राहिला.

वैदेहीच्या आईनं, जिजाबाईंनी, मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. सकाळपासून घरातली हाडं त्यांनीच लपवली होती. पाहुण्यांना बसवायचं कुठं, एवढं मात्र विसरल्या होत्या. पोरीला बजावलंही होतं, "विचारलं त कॉलेजात मास्तरीण आहो म्हणजो. वानरांचं नाव काढू नको. आधीचे पाहुणे हाडं पाहूनच पळाले."

वैदेहीला मुलगा आवडला होता. लॅपटॉपवर घरूनच नोकरी करणारा, हसरा. पण लग्न म्हणजे नागपूर, आणि तिचं सगळं काम इथं, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात. इथलं गाव मेलेल्या वानराला हार-गुलाल वाहून पुरतं. वर्षभरानं गावाच्या आणि वनखात्याच्या परवानगीनं वैदेही ती हाडं अभ्यासासाठी काढून आणते. शिवाय घरात माय-लेकी दोघीच. मायला एकटं टाकून जायचं, या विचारानं तिला रडू यायचं.

"हे काय आहे वं पोरी?" सुनीतीबाईंनी विचारलं.

आता कसली लपवालपवी! वैदेहीनं फरशीवरच बैठक मारली आणि कवट्या मांडल्या.

"काकू, या एकाच टोळीतल्या माद्या. पाहा, साऱ्यांचा हाच दात वाकडा. आजी, माय, नात, सारं एकच रक्त. आन् हे नर. यांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही, कारण हे बाहेरून आलेले. वानरांत पोरी माहेर सोडत नाहीत. पोरगा मोठा झाला का तोच घर सोडते."

जिजाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. हेही स्थळ गेलं.

सुनीतीबाईंनी कवटी उचलली, दात निरखला. मग वैदेहीकडे पाहिलं, मग जिजाबाईंकडे. दोघींचाही पुढचा दात तसाच वाकडा होता.

"मी लांजीचं माहेर सोडलं, तवा माही माय एकटीच राह्यली," त्या हळूच म्हणाल्या. कवटी त्यांनी अलगद पेटीत ठेवली आणि लेकाकडे वळल्या.

"अपूर्व, तुयं काम त लॅपटॉपवरच चालते ना? मंग ब्याग भरून ठेव, राजा."