निळ्या डोळ्यांचे मासे

शिरपूरजवळचा नाला आटला, तेव्हा सपनानं त्यातले नखाएवढे, निळ्या डोळ्यांचे सहा मासे घरी काचेच्या टाकीत जगवले. पुढं नाल्याला पाणी आलं, पण तसले मासे कुणाला दिसले नाहीत. चार वर्षांनी यंदा पहिल्यांदाच शेवाळातल्या अंड्यांतून पिल्लं निघाली. रविवारी तिला बघायला पाहुणे आले. ती साडी नेसून बाहेर आली, तर टाकीतल्या स्वच्छ पाण्यात दुकानातले लाल मासे होते. "बाबा, माहे मासे?" "हिरवं पानी वास मारून राह्यलं होतं. सांडपान्याच्या नालीत फेकलं," दौलतराव कुजबुजले. "पाहुन्याईसमोर रडू नोको." मुलाची आई टाकीपाशी वाकली. "लय सुंदर! तूच वाढवले काय?" "नाई," सपना म्हणाली. "माहे मासे बाबानं नालीत फेकले."  मग मुलाचे वडील हसत सुटले. "पोरगी गमतीची हाये, दौलतराव! आमाले पसंत हाये."