मधली पोकळी

कौपोने लॅपटॉप आपल्या मार्गदर्शक हेल्वेच्या टेबलावर ठेवला. खुर्ची असूनही बसला नाही.

"तुम्हीच बघा. मी सिम्युलेशन तीनदा चालवून पाहिलं."

हेल्वेने चष्मा चढवला. पडद्यावर कृष्णपदार्थाचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तुमानाचा, गोल ढग होता. त्याच्या मधोमध मोठी दीर्घिका आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या छोट्या दीर्घिकांचे ठिपके. एरवी हे ठिपके कडेकडेने असत, मधे मोठीच्या भोवती पोकळी. फार आत गेलेली छोटी दीर्घिका ओढाताणीत फाटते, उरत नाही, हे हेल्वेने अकरा वर्षांपूर्वी मांडलं होतं. कौपोचा अख्खा प्रबंध त्यावर उभा होता. शुक्रवारी तो परीक्षकांपुढे जाणार होता.

आज पोकळी नव्हती. मधे ठिपक्यांची दाटी होती.

"काय बदललंस?"

"कण दसपट बारीक घेतले, एवढंच. आपलं गणितच जाडंभरडं होतं, हेल्वे. त्या फाटत नाहीत. आपण फाडत होतो."

तिने आकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. पुन्हा पाहिले. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"शुक्रवार पुढे ढकलू," ती म्हणाली.

"ढकलून काय करू? मेअखेर माझी मुदत संपतेय. पाच वर्षांचं काम नव्याने कधी करणार?" तो कसनुसा हसला. "जाऊ द्या. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं."

हेल्वेने चष्मा काढला. पुसत राहिली.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"तू यायच्या आदल्या हिवाळ्यात. एकदाच. मधे असेच ठिपके आले. वाटलं, यंत्र बिघडलंय." तिने चष्मा टेबलावर ठेवला. "वाटलं नाही. तसं मानून घेतलं. पुसून टाकलं ते."

कौपोने लॅपटॉप मिटला. कोटाची बटणं लावू लागला. एक बटण चुकलं, ते काढून पुन्हा लावलं.

"ओरड तरी माझ्यावर!"

"आईला फोन करायचाय," तो म्हणाला. "शुक्रवारसाठी तिने क्रिंगेलचा गोड पाव सांगून ठेवलाय. चाळीस माणसांपुरता. बेकरीवाला उद्या पीठ मळायला घेईल."

दार त्याने हळूच ओढून घेतलं.

जरा वेळाने हेल्वे खिडकीशी गेली. खाली थांब्यावर तो एकटाच होता, बर्फ पडत होतं. तार्तू शहराकडे जाणारी बस आली, दार उघडून थांबली, मग निघून गेली. कौपो तिथेच उभा होता.