फारकतीचा कागद

“लग्नापूर्वीचा दर्जा?” अ‍ॅडव्होकेट अपेक्षा तायडे यांनी विचारले. त्यांची बोटे संगणकाच्या कळांवर थबकली.

“कुंवारी,” पंजाबराव म्हणाले.

“नाही,” माया म्हणाली.

बापलेक एकमेकांकडे पाहीनात. अमरावतीच्या न्यायालयासमोरील त्या अरुंद खोलीत सकाळचा उजेडही परवानगी मागितल्यासारखा उंबरठ्यापाशी रेंगाळत होता.

“काका, अर्जात हे लिहावंच लागतं.”

“डाक्टर अन् वकिलापाशी लपवू नोको म्हनते लोक,” पंजाबराव पुटपुटले. “अन् सांगतलं का तेच लोक हासते.”

माया हसली नाही. अकोल्याच्या घरात तिने नऊ वर्षे काढली होती. अनुप कामावर निघताना बाहेरून कुलूप लावी आणि परतल्यावर, दिवसभर काय केलेस, असे कुलपाआडच्या बाईला विचारी. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी तो कुलूप लावायला विसरला. ती अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये बसली आणि वडिलांच्या दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून त्याचा एकच निरोप येत होता : मरेन, पण सोडचिठ्ठी देणार नाही.

“त्याने संमती दिली नाही, तर किती दिवस लागतील?” तिने विचारले.

“समुपदेशन, तारखा, साक्षी, मग अपील. खोटं सांगत नाही, माया ताई. वर्षं जातील. पण आधी मला सांगा, कुमारी नव्हता, म्हणजे?”

मायाने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. शंभराचा मुद्रांक होता तो. त्याखाली पाच पंचांच्या सह्या आणि सगळ्यांत शेवटी, शाई संपत आल्यासारखी, एक फिकट सही : किशोर.

“मोझरीला दिली होती पहिल्यांदा,” ती म्हणाली. “चार वर्षं मूल झालं नाही. बैठक बसली. फारकत झाली.”

“कोर्टात?”

“कोर्टात कायले?” पंजाबराव एकदम उसळले. “पाच मानसं बसले, मीबी होतो. चहा झाला, सह्या झाल्या. मोकळी केली पोरगी. हे कागद पाहूनच त लगन केलं अनुपनं.”

“तुमच्यात अशी रीत आहे? आधी कुणाच्या फारकती झाल्यात?”

म्हाताऱ्याचा स्वर खाली आला. “सात पिढ्यात नाही झाली, मॅडम. पोरीचीच पयली.”

अपेक्षाबाईंनी कागद पुन्हा एकदा, अगदी सावकाश वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“माया ताई, तुमचा घटस्फोट होणार नाही.”

मायाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

“घाबरू नका. झालंच नाही ते लग्न मोडायचं कसं? तशी रूढी सिद्ध झाली असती, तर हा कागद टिकला असता. ती नाही, म्हणून फारकत नाही. पहिलं लग्न कायम असताना झालेलं दुसरं लग्न कायद्याने मुळातच शून्य. तेवढं न्यायालयाकडून जाहीर करून घ्यायचं. त्याला अनुपची संमती लागत नाही.”

“म्हणजे मी त्यांची...”

“अनुपची तुम्ही कधीच कुणी नव्हता. कायद्याच्या नजरेत तुम्ही आजही किशोर यांच्या पत्नी आहात.”

बाहेर एक टंकलेखक कुणाचे तरी प्रतिज्ञापत्र खडखडत होता. मायाच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू परतू लागले. पूर ओसरल्यावर नदीचा जुना काठ दिसू लागतो, तसे. बैठकीच्या दिवशी किशोर खालमानेने बसला होता. पंचांनी दोनदा नाव घेतल्यावर त्याने पेन उचलले. उठताना मात्र तो सगळ्यांदेखत तिला म्हणाला होता, “मी नाही सोडलं तुले.” त्यावर कुणीतरी हसलेही होते.

“त्यांनी पुन्हा लग्न केलं?” अपेक्षाबाईंनी विचारले.

“नाही केलं,” पंजाबराव म्हणाले. लेकीआधी.

मायाने मान वळवून वडिलांकडे पाहिले. हे तिला ठाऊक नव्हते.

“मग सोपं आहे. पहिल्या लग्नाच्या पुराव्यासाठी त्यांची साक्ष घेऊ. पत्ता सांगा.”

“मोझरी. आश्रमाच्या मागची गल्ली, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. दुकानामागंच घर आहे. दारात पारिजात आहे, लगेच सापडतं.” नऊ वर्षांत न उच्चारलेला पत्ता तिने एका श्वासात सांगितला.

“राहू द्या ना, मॅडम,” पंजाबराव म्हणाले. “त्याले कायले बलावता? दुसरं काही करा.”

“बाबा, तुम्हाला अजून लाज वाटते?”

डोक्यावरची टोपी काढून पंजाबरावांनी मांडीवर ठेवली.

“आणि समजा,” मायाने पदर सारखा केला. तिचा आवाज इतका हलका झाला होता, की अपेक्षाबाईंना पुढे झुकावे लागले. “समजा, मी तिकडं परत गेले, तर चालेल?”

“कायदा अडवणार नाही. माणसांचं मी सांगू शकत नाही.”

“ते नाही अडवणार,” माया म्हणाली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा हसली. “बाबा, आजच जाऊ. दुपारची बस असते. सांगू त्यांना, पंचांचं काही चाललं नाही म्हणून.”

पंजाबराव खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

“मागच्या बैलपोयाले गेला तो, माय,” ते म्हणाले. “खांदा देऊन आलो मी. तुले काहून सांगा, म्हटलं. तुया आता कोन लागते तो?”