जसंच्या तसं

डॉक्टर म्हणजे बाई निघाली, म्हणून कारखानदार खुर्चीत बसेना.

"पुरुष डॉक्टर नाही का इथे? विचार."

दुभाषीने विचारलं. मग त्याच्याकडे वळून सांगितलं, "पुरुष डॉक्टर सोमवारी असतात. आज गुरुवार. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात."

कारखानदार बसला.

पंपांच्या प्रदर्शनासाठी तो या परक्या देशात आला होता. परवा संध्याकाळी हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर त्याचा कंडोम फाटला. त्या वेळी त्याच्याबरोबर जी बाई होती, ती हीच. शेजारी वही घेऊन बसलेली दुभाषी. परवापर्यंत तो तिला मॅडम म्हणत होता, आता अगं-तुगं करत होता. काल सकाळी तीच म्हणाली होती, "आपण दोघांनी डॉक्टरांकडे जायला हवं." त्याने ते हसण्यावारी नेलं. मग दिवसभर मोबाइलवर नको नको ते वाचलं आणि आज नाश्ता टाकून तिला फोन केला. टॅक्सीत दम भरला, "ती बाई तू आहेस, हे बोलायचं नाही. मी बोलेन ते जसंच्या तसं सांगायचं. बस्स."

"डॉक्टर विचारतात, संभोगाला किती तास झाले?"

त्याची भाषा ती विद्यापीठात शिकली होती. शब्द स्वच्छ, पुस्तकी. कारखानदाराने दाराकडे पाहिलं, जणू बाहेर बसलेल्यांना ते कळणार होतं.

"चाळीस. हळू बोल जरा."

"निरोध कुणाचा होता?"

"माझाच. पाकिटातला."

"पाकिटात किती दिवस होता?"

त्याने आठवून पाहिलं. "दोन वर्षं. तीन असतील."

डॉक्टर काहीतरी पुटपुटली. "त्या म्हणतात, मग तो फाटला नसता तरच नवल."

"ते सोड. मुद्द्याचं विचार. अशा बायकांमध्ये हा रोग कितपत असतो?"

दुभाषीचं पेन थांबलं. मग तिने ते वाक्य डॉक्टरला सांगितलं. 'अशा'सुद्धा गाळलं नाही.

"त्या विचारतात, अशा म्हणजे कशा?"

"म्हणजे... एकटी राहणारी. ओळख होऊन दोन दिवस नाहीत तर पुरुषाच्या खोलीत येणारी. आमच्या घरातल्या बायका असं करत नाहीत. सांग ना, थांबलीस काय?"

तिने सांगितलं. स्टॉलवर पंपाची ताकद आणि नळीचा व्यास ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात.

"आता तुमच्याबद्दल. गेल्या वर्षभरात पत्नीखेरीज किती स्त्रिया?"

"हे कशाला? मी घरंदाज माणूस आहे. दोन मुली आहेत मला."

"त्यांना आकडा हवा आहे."

टेबलाखाली त्याने बोटं मोजली. एका हाताची संपली. "सात. पण त्या सगळ्या चांगल्या होत्या."

डॉक्टरने आकडा लिहिला. मग मान वर करून विचारलं, आणि दुभाषीने ते त्याच्यापुढे ठेवलं, "या सातही वेळा निरोध पाकिटातच होता?"

कारखानदाराचे कान तापले. "या वेळी ती बाई हट्टच धरून बसली, म्हणून काढला."

डॉक्टर पुढचं सांगत गेली, दुभाषी भाषांतर करत गेली. आधी रक्ताची तपासणी. मग अठ्ठावीस दिवस रोज गोळी, एकही चुकवायची नाही. नंतर पुन्हा तपासण्या. त्या होईपर्यंत बायकोशी संबंध आला तर निरोध वापरायचा.

"आणि बायकोला काय सांगू?"

"त्या म्हणतात, खरं सांगा."

"डोकं फिरलंय का हिचं? पोटाच्या गोळ्या म्हणेन. जास्त विचारलं तर एकदा ओरडेन. ओरडलं की गप्प बसते ती. हे नको सांगूस."

पण ते सांगून झालं होतं.

डॉक्टर त्याच्याकडे न पाहता एक वाक्य बोलली.

"त्या बाईलाही या गोळ्यांची गरज असू शकते. तिला इथे आणता येईल का?"

"तिला कशाला? धोका मला आहे!"

दुभाषीने हेही सांगितलं. मग वही मिटली, बाही वर सारली आणि स्वतःहून दोनच वाक्यं बोलली. ती त्याला कळली नाहीत. डॉक्टर आधी तिच्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. त्याच्याकडे जरा जास्तच वेळ.

सुई टोचताना तो कळवळला. ती नाही.

वीस मिनिटांनी निकाल आले. दोघांचंही रक्त स्वच्छ होतं. परवाची लागण यात इतक्यात दिसणार नाही, डॉक्टरने बजावलं, गोळ्या घ्यायच्याच. पण कारखानदाराने तेवढं ऐकलंच नाही. स्वच्छ म्हटल्याबरोबर त्याची छाती फुगली.

औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत तो तिच्या कानाशी वाकला. "बघ, उगाच घाबरलो. तू तशी चांगल्या घरची दिसतेस. संध्याकाळी जेवायला जाऊ या कुठेतरी?"

ती पुढे सरकली. स्वतःचं खोकं घेतलं, खिडकीतल्या बाईने सांगितलेलं नीट ऐकलं, कोपऱ्यातल्या नळाचं पाणी घेऊन पहिली गोळी तिथेच गिळली.

"मी या कामातून आत्ताच मोकळी होते आहे," ती म्हणाली. "एकही गोळी चुकवू नका." आणि निघून गेली.

खिडकीतल्या बाईने दुसरं खोकं पुढे ढकललं आणि बोलायला लागली. खोक्यावर बोट ठेवून, घड्याळाकडे हात करून, बराच वेळ. कारखानदाराने मान डोलावली. मग तिने काहीतरी विचारलं. त्याने मान डोलावली. तिच्या कपाळाला आठी पडली. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून, तिने तेच पुन्हा विचारलं.

त्याने पुन्हा मान डोलावली.