वीसच खोकी

बाजारकुणंग गावाच्या वरच्या अंगाला एका रिसॉर्टचं बांधकाम चाललंय. तिथं जीपमागं ट्रॉली जोडून सामान नेणारा शिवानंद मालकाला वर्षभर एकच सांगत होता. जड खोकी ट्रॉलीच्या चाकांच्या जरा पुढं मांडायची, मागं भार गेला की चढणीला ट्रॉली जीपचं बूड उचलते. आणि फरशीचं एक खोकं तीस किलोचं, तेव्हा वीसच्या वर एकही घ्यायचं नाही. मालक हसायचा आणि तीस भरायला लावायचा.

काल निम्म्या चढणीवर क्लच जळल्याचा वास सुटला. मालक खाली उतरला, जीपभोवती एक फेरी मारली आणि पहिल्यांदाच म्हणाला, "तुझंच खरं, शिवा. गाडीला पण जीव असतो. दहा खोकी काढ."

शिवानंदला इतकं बरं वाटलं की ती दहा खोकी त्यानं स्वतःच उतरवून रस्त्याकडेला नीट रचली. हलकी झालेली जीप मग कुरकुर न करता वर चढली.

वर कामावरच्या बायका थांबल्या होत्या. त्यांच्यात शिवानंदची बायको सुंदरीही होती, सातवा महिना लागलेली. मालकानं जीपमधूनच सांगितलं, "बायांनो, खाली चढणीवर दहा खोकी राहिलीत. डोक्यावरनं घेऊन या."

सुंदरीनं टॉवेलाची चुंबळ वळली आणि जाता जाता नवऱ्याला हळूच विचारलं,



"एक खोकं किती किलोचं असंल वो?"